मोटार मागे की मध्ये?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राविषयी लिहावे, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. तर्कशास्त्राच्या तासाला बसणाऱ्याने दंतचक्रांत हात कशाला घालावा, असेही कोणी विचारील. परंतु मी ज्या प्रश्नाविषयी लिहिणार आहे तो यंत्राचा जितका आहे, तितकाच निवडीचा आहे. आणि निवड कशी करावी हा प्रश्न तर आपणा सर्वांचाच आहे. शिवाय माझ्यापुरता तो निकडीचाही आहे. वसतिगृहातील माझा रूम पार्टनर आणि मी अशा दोघांनी वर्षभर साठवलेल्या पैशांतून एकच गाडी येणार आहे. ती कोणती घ्यावी यावरून आमच्या खोलीत गेले दोन महिने वाद चालू आहे.

गाडी म्हणजे रेडिओ-नियंत्रित शर्यतीची बग्गी. खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची, विजेवर चालणारी आणि सुमारे दीड किलो वजनाची. हातातल्या यंत्रावरून तिचे सुकाणू आणि वेग सांभाळायचा, आणि उंचसखल मातीच्या वाटेवरून, उड्यांवरून ती पळवायची. या बग्ग्यांत एक मोठा गट असा, की ज्यात मोटारीची शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. पुढची चाके केवळ वळण्यासाठी. आमचा वाद या गटातलाच आहे, आणि तो एवढाच की मोटार मागच्या आसाच्या पाठीमागे असावी, की आसाच्या पुढे, गाडीच्या पोटात?

ऐकणाऱ्याला वाटेल, चार बोटे पुढे किंवा चार बोटे मागे. त्याने असा काय फरक पडणार? म्हणून आधी थोडा हिशोब करू. दोन आसांमधले अंतर २८० मिलिमीटर धरू आणि मोटारीचे वजन १७५ ग्रॅम. मोटारीचा मध्य मागच्या आसाच्या ४० मिलिमीटर पाठीमागे असला, तर तरफेच्या नियमाने मागच्या चाकांवर तिचा भार २०० ग्रॅम पडतो, म्हणजे मोटारीच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त! हे जादाचे २५ ग्रॅम येतात कुठून? पुढच्या चाकांवरून. सायकलच्या कॅरियरवर दळणाचा जड डबा बांधला की हँडल हलके लागते, तोच हा प्रकार. आता तीच मोटार आसाच्या ४० मिलिमीटर पुढे आणली, तर मागच्या चाकांवर १५० ग्रॅम आणि पुढच्या चाकांवर २५ ग्रॅम. म्हणजे एकही ग्रॅम न वाढवता ५० ग्रॅम भार मागून पुढे गेला. दीड किलोच्या गाडीत तो तीन टक्क्यांहून थोडा अधिक झाला.

यापेक्षा मोठा फरक दुसऱ्या ठिकाणी पडतो. कोणतीही वस्तू स्वतःभोवती वळवताना होणारा विरोध हा वजनाबरोबर आणि गुरुत्वमध्यापासूनच्या अंतराच्या वर्गाबरोबर वाढतो. वरच्या गाडीत मागची मोटार गुरुत्वमध्यापासून सुमारे १४ सेंटिमीटर दूर राहते, मधली सुमारे ७ सेंटिमीटर. अंतर दुप्पट, म्हणून वळण्याला त्या मोटारीचा विरोध चौपट. मागे मोटार असलेली गाडी वळायला वेळ घेते आणि एकदा शेपूट फिरू लागले की ते लवकर थांबतही नाही. मध्ये मोटार असलेली गाडी चटकन वळते आणि चटकन सरळ होते. उडी मारतानाही हाच नियम लागू. हवेत असताना वेग वाढवला की गाडीचे नाक वर येते, ब्रेक लावला की खाली जाते. मध्य-मोटार गाडी या सूचना लवकर मानते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग वाद कसला? मध्य-मोटारच श्रेष्ठ! माझ्या मित्राचे म्हणणे नेमके हेच. तो मला खऱ्या शर्यतींचा दाखला देतो. १९५९ साली जॅक ब्रॅबमने चालकाच्या पाठीमागे पण मागच्या आसाच्या पुढे इंजिन असलेल्या कूपर गाडीतून फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत समोर इंजिन असलेल्या गाड्या त्या शर्यतींतून दिसेनाशा झाल्या. दाखला खरा आहे. पण त्या गाड्या डांबरी वाटेवर पळत होत्या, हे त्यात सांगायचे राहून जाते.

बग्ग्यांचा इतिहास पाहिला की हा मुद्दा स्पष्ट होतो. १९८४ साली कॅलिफोर्नियातील असोशिएटेड या कंपनीने ‘आरसी-१०’ ही बग्गी आणली. तिचा सांगाडा अॅल्युमिनियमचा, आणि मोटार मागच्या आसाच्या पाठीमागे. दुसऱ्याच वर्षी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातील डेल मार येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत मागच्या चाकांच्या गटात तीच जिंकली. त्या काळच्या शर्यती बहुतेक उघड्यावर, सुट्या मातीच्या वाटांवर होत. सुट्या मातीत चाक आधी घसरते आणि मग पकडते. तिथे मागच्या चाकांवर जितका भार, तितकी गाडी पुढे सरकणार. मागची मोटार ही त्या जमिनीने घालून दिलेली अट होती.

दुसरे कारण विजेऱ्यांचे. त्या वेळी निकेल-कॅडमियमचे सहा सेल लागत. प्रत्येकाचे वजन ५० ग्रॅमच्या वर, म्हणजे सहांचे मिळून ३०० ग्रॅमच्या वर, आणि गाडीच्या पोटातली बरीचशी जागा तेच अडवत. पुढे लिथियम-पॉलिमरच्या विजेऱ्या आल्या, आखूड आणि हलक्या. ब्रश नसलेल्या मोटारीही आल्या. पोटात जागा झाली. त्याच सुमारास शर्यतींच्या वाटाही बदलत होत्या. कित्येक ठिकाणी माती दाबून कडक आणि चिकट केली गेली. युरोपात तर गालिच्यावर आणि कृत्रिम हिरवळीवर शर्यती होऊ लागल्या. २०११ साली फिनलंडमधील वासा येथील जागतिक स्पर्धेत रायन कॅव्हलिएरी याने मध्य-मोटार बग्गीवर या गटाचे विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी टीम लोसी रेसिंगची ‘२२’ ही गाडी आली, तिच्या एकाच संचातून दोन्ही रचना उभ्या करता येत. पुढे असोशिएटेडनेही ‘बी-५’ मागच्या मोटारीची आणि ‘बी-५ एम’ मधल्या मोटारीची, अशा दोन गाड्या काढल्या. ज्यांचा धंदाच गाड्या जिंकवण्याचा, त्यांनाही एकच उत्तर देता आले नाही, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

गालिच्यावर मागची मोटार का मागे पडते, तेही पाहू. तिथे पकड मुळातच भरपूर असते. गाडीने जोरात वेग घेतला की भार आणखी मागे सरकतो. गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर उंचीवर असला आणि वेगवाढ गुरुत्वाच्या निम्मी असली, तर वरच्या गाडीत १०० ग्रॅमहून थोडा अधिक भार पुढून मागे जातो. पुढची चाके हलकी होतात, सुकाणू वळवले तरी गाडी सरळच जाऊ पाहते. ज्या भाराने मातीत गाडी ढकलली, तोच भार गालिच्यावर वळण बिघडवतो. उलट सुट्या मातीत मध्य-मोटारीची मागची चाके जागच्या जागी गरगरतात, आणि वळणातून बाहेर पडताना तिचे शेपूट घसरते. गुण आणि दोष हे गाडीचे नव्हेतच. ते गाडी आणि जमीन यांच्या जोडीचे आहेत.

यावर माझ्या मित्राचा शेवटचा हुकमी एक्का असा: “अरे, मोटार नंतर मागे नेता येईल की! स्क्रू काढायचे आणि पेटी फिरवायची.” हे तितके सोपे नाही. गियरची पेटी फिरवली की चाकेही उलटी फिरतात. मग मोटार उलट्या दिशेने चालवावी लागते किंवा एक दंतचक्र वाढवावे लागते. विजेरीची जागा बदलते, स्प्रिंगा बदलाव्या लागतात. ज्या गाडीत ही सोय मुळात केलेली आहे, तिथे हे एका दुपारचे काम. नाही तिथे खिशाला भार.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी या छंदात पडणार असाल, तर माझी एवढीच विनंती आहे. दुकानात जाण्यापूर्वी आपल्या जमिनीवर जा. बुटाची टाच घासून पाहा. माती उडाली आणि टाच घसरली, तर मागची मोटार बघा. टाच अडली, जमीन घट्ट किंवा गालिच्यासारखी असली, तर मधली. मग घरातले दोन वजनकाटे सारख्या उंचीवर ठेवा, एकावर पुढची चाके आणि दुसऱ्यावर मागची चाके उभी करा, आणि भार कुठे आहे तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जाहिरातीत जगज्जेत्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते. तो कोणत्या जमिनीवर जिंकला, हे शोधावे लागते.

वसतिगृहामागचे आमचे मैदान मुरुमाचे आहे. पावसाळा सरला की वर बोटभर भुसभुशीत थर येतो आणि उन्हाळ्यापर्यंत त्याचा धुरळा होतो. तिथे गालिचा अंथरण्याचा प्रस्ताव प्राचार्यांपुढे ठेवण्याचे धैर्य आम्हा दोघांतही नाही. तेव्हा माझे मत मागच्या मोटारीला. नव्या मालात ती आता क्वचित दिसते, म्हणून जुनी पण धडधाकट अशी एखादी शोधावी, असे मी सुचवले आहे. मित्र अजून पुरता पटलेला नाही. परंतु काल संध्याकाळी तो मैदानाच्या कडेला उभा राहून, कोणी पाहत नाही असे समजून, बुटाची टाच मातीत घासत होता.