मुनीमजी गेले, सहायक आला

समाजाच्या वधूवर परिचय पुस्तिकेची पाने चाळताना वाचणाऱ्याचे बोट 'व्यवसाय' या रकान्यावरून फिरत असते. 'कापडाचे होलसेल दुकान', 'सनदी लेखापाल', 'सॉफ्टवेअर अभियंता', 'वडिलोपार्जित सराफी पेढी' अशा नोंदींपाशी ते क्षणभर रेंगाळते. 'बी. कॉम., खासगी कार्यालयात प्रशासकीय सहायक' ही नोंद आली की पान उलटले जाते. मुलाचे वय, शिक्षण, घराणे सारे जुळत असते, फोन मात्र येत नाही. मुलीच्या आईने चौकशी केलीच, तर ती 'म्हणजे साहेबांच्या हाताखाली नेमके काय करतो?' अशा स्वरात होते. हेच पद मुलीच्या परिचयात असते, तर 'चांगली बैठी नोकरी आहे' म्हणून ते जमेच्या बाजूला धरले गेले असते. मुलाच्या खात्यात ते नावे पडते.

यातला विरोधाभास असा, की व्यापारी समाजाच्या पेढ्या कित्येक पिढ्या पुरुष सहायकांच्याच भरवशावर चालल्या. 'गुमास्ता' हा फारसीतून आलेला शब्द. नेमलेला माणूस, मालकाच्या वतीने व्यवहार पाहणारा, असा त्याचा अर्थ. मुंबईत दुकानाच्या नोंदणीला लोक आजही 'गुमास्ता लायसन्स' म्हणतात. १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा जाऊन २०१७ चा महाराष्ट्राचा कायदा आला. परवाना मालकाचा आणि तो भिंतीवर लावतोही मालकच, परंतु बोलण्यात त्याला नाव राहिले ते नोकराचे.

मुनीमजींचा मान तर त्याहून मोठा होता. गादीवर उतरते डेस्क पुढे घेऊन मांडी घालून बसलेले मुनीमजी रोजमेळ मिळाल्याशिवाय उठत नसत. शेठजी परगावी असले, तर आलेली हुंडी स्वीकारायची की परत पाठवायची, हा निर्णय त्यांचा असे. कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवसांची उधारी द्यावी आणि कोणाला हात जोडून रोखीने माल घ्यायला सांगावे, हे शेठजीही त्यांना विचारूनच ठरवीत. घरच्या लग्नात पंगतीची व्यवस्था आणि आहेराची यादी त्यांच्याकडेच असे. त्यांना 'सहायक' म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. पगार बेताचा असला, तरी शब्दाला किंमत होती, आणि ती किंमत सोयरीक जुळवतानाही मोजली जाई.

कार्यालयांतील कारकुनाची कथा थोडी वेगळी आहे. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये आपली लघुलिपी प्रसिद्ध केली, आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने शोल्स यांचे टंकयंत्र बाजारात आणले. तोपर्यंत लंडन काय आणि न्यूयॉर्क काय, कारकून म्हणजे पुरुषच. टंकयंत्राबरोबर तेथील कार्यालयांत स्त्रिया आल्या आणि काही दशकांतच सेक्रेटरी हा शब्द जणू स्त्रीवाचक होऊन बसला. अमेरिकेत आजही अशा पदांवर दहांपैकी नऊ स्त्रिया असतात. आपल्याकडे मात्र सरकारी कचेऱ्या, न्यायालये, बँका आणि बाजारपेठा येथील टेबलांवर दीर्घकाळ पुरुषच राहिले. गोदरेजने १९५५ मध्ये देशी टंकयंत्र काढले आणि तालुक्याच्या गावांतही टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पाट्या झळकू लागल्या. मराठी तीस, इंग्रजी चाळीस हे वेगाचे आकडे त्या काळच्या तरुणांना पाढ्यांसारखे पाठ होते. टंकयंत्र गेले, परीक्षा संगणकावर आली, तरी शासकीय लिपिक-टंकलेखकासाठी आकडे तेच आहेत.

या टेबलावरून माणूस किती दूर जाऊ शकतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण व्ही. पी. मेनन यांचे. शालेय शिक्षण अर्धवट सुटलेला हा केरळी तरुण खाणीत आणि कारखान्यांत राबून १९१४ मध्ये भारत सरकारच्या गृहखात्यात कारकून म्हणून लागला. दोन बोटांनी टंकलेखन करणारा हा कारकून पुढे राज्यघटनाविषयक सुधारणांचा आयुक्त झाला. १९४७ मध्ये सत्तांतराच्या योजनेचा मसुदा त्याने सिमल्यात काही तासांत सिद्ध केला, आणि सरदार पटेलांच्या संस्थानविषयक खात्याचा सचिव म्हणून संस्थानांचे विलीनीकरण घडविले. प्रणव मुखर्जी हेही कलकत्त्यात डाक-तार लेखा कार्यालयात कारकून होते. व्यापाऱ्यांना अधिक जवळचे उदाहरण धीरूभाई अंबानींचे. एडनच्या बेस कंपनीत कारकुनी करून ते १९५८ मध्ये परतले आणि मस्जिद बंदर भागात त्यांनी व्यापार मांडला. मात्र अशा उदाहरणांनी फार हुरळून जाऊ नये. मेनन यांच्याबरोबर त्याच खात्यात लागलेले आणि त्याच खात्यातून कारकून म्हणूनच निवृत्त झालेले किती असतील, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. उपवर मुलाच्या वडिलांना तर सरासरी माणसाचे काय होते, हे कळायला हवे असते.

सरासरी माणसाचे काय होते, हे तो कोठे लागला यावर फार अवलंबून आहे. शासनात शिडी लिहिलेली आहे. मंत्रालयात लिपिक-टंकलेखक, मग सहायक कक्ष अधिकारी, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशा त्या पायऱ्या. लघुलेखकांची वाट निराळी, मिनिटाला ८०, १०० आणि १२० शब्दांच्या वेगाने वर जाणारी. पदोन्नती रखडली, तरी आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर वरच्या वेतनश्रेणीचा लाभ मिळतो. प्रश्न आत शिरण्याचा आहे. जागा थोड्या आणि अर्ज लाखांत, अशा स्पर्धेत तिशीपर्यंत केवळ परीक्षा देत राहणारे तरुण घरोघरी दिसतात.

बँकांतही शिडी आहे, आणि तेथील अनुभव विशेष बोलका आहे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, खेडोपाडी शाखा निघाल्या आणि कारकून म्हणून लागलेल्या पदवीधराला अधिकारी होण्याची दारे उघडली. जेएआयआयबी, सीएआयआयबी या परीक्षा उत्तीर्ण झाल्या की पगारवाढ मिळे आणि बढतीच्या वेळी त्यांचा उपयोग होई. तरीही असंख्य कारकुनांनी बढती नाकारली. कारणे समजण्यासारखी होती. बढती म्हणजे बदली, बदली म्हणजे दुसरा जिल्हा, कदाचित दुसरे राज्य. आईवडील थकलेले, मुलांच्या शाळा गावात, भावाच्या दुकानात संध्याकाळी बसायची सवय. शिवाय कारकुनाला ओव्हरटाइम मिळे, अधिकाऱ्याला मिळत नसे, म्हणून हातात पडणाऱ्या रकमेतला फरकही पहिल्या दिवशी नगण्य वाटे. 'एवढ्यासाठी घर कोण सोडणार?' असे म्हणून माणूस त्याच खिडकीत बसून राही. दहा-पंधरा वर्षांनी त्याच्या हाताखाली लेजर लिहायला शिकलेला कनिष्ठ सहकारी त्याच शाखेत व्यवस्थापक होऊन येई आणि संकोचाने 'काका, हे जरा तपासून देता का?' असे विचारी. निवृत्तिवेतनाचा हिशेब समोर आला, म्हणजे त्या नाकारलेल्या बढतीची खरी किंमत आकड्यांत दिसे. घरासाठी केलेला तो त्याग होता, हे खरेच, पण घरातल्या फारच थोड्यांना त्याची कल्पना असे.

आता पेढीकडे वळावे, कारण या मासिकाच्या बहुतेक वाचकांचा सहायकाशी संबंध तेथेच येतो. सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीची अडत असो, इचलकरंजीतील सुताचे कार्यालय असो की काळबादेवीतील कापडाची पेढी, बाहेरच्या टेबलावर संगणकासमोर पस्तीस-चाळीस वर्षांचा एक गृहस्थ बसलेला असतो. त्याला कोणी नावाने, कोणी 'भाऊ' म्हणून हाक मारते. त्याच्या पदाला नाव नाही. सकाळी तो टॅलीत पावत्या चढवितो, पन्नास हजारांवरचा माल परराज्यात निघाला की ई-वे बिल काढतो, ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडतो. महिन्याच्या ७ तारखेपर्यंत टीडीएसचा भरणा, ११ ला विक्रीचे जीएसटी विवरण, २० ला भरण्याचे विवरण, या तारखा त्याच्या डोक्यात असतात. पासवर्ड त्याच्या वहीत, ओटीपी शेठजींच्या मोबाइलवर. त्यामुळे दिवसातून दहा वेळा तो आतल्या दाराशी जाऊन 'शेठ, नंबर आला का?' असे विचारतो. मधल्या वेळेत शेठजींच्या नातवाच्या शाळेची फी भरणे, पालीताण्याच्या यात्रेची रेल्वे तिकिटे काढणे आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची तक्रार करणे हीही त्याचीच कामे. मुनीमजींपेक्षा त्याला कायदा अधिक कळतो. परंतु हुंडीबद्दल निर्णय घेणाऱ्या मुनीमजींचा अधिकार त्याच्याकडे आलेला नाही. उधारी कोणाला द्यायची हे त्याला कोणी विचारत नाही. उधारी थकली की फोन मात्र त्यालाच करावा लागतो.

या माणसाची भवितव्यता दोन गोष्टींनी धोक्यात येते. पहिली, यंत्राची. बँकेचे विवरणपत्र आता थेट हिशेबाच्या प्रणालीत उतरते, पावतीचे छायाचित्र काढले की त्यातील आकडे वाचले जातात. केवळ नोंद करण्याचे काम दरवर्षी थोडे थोडे आटत आहे. दुसरी, शेठजींच्या पुढच्या पिढीची. पुण्याहून किंवा परदेशातून व्यवस्थापनशास्त्र शिकून आलेला चिरंजीव पेढीवर बसला, की तो पहिल्या सहा महिन्यांत हिशेब बाहेरच्या संस्थेकडे देतो, आणि 'भाऊ' एकाएकी पंचेचाळिसाव्या वर्षी केवळ तिकिटे काढणारा माणूस उरतो. वीस वर्षांचा अनुभव दाखवायला त्याच्याकडे एक कागदही नसतो. नेमणूकपत्र कधी दिलेले नसते, कारण 'घरच्याच माणसाला कसले पत्र?'

घरचा माणूस म्हणणे गोड असले, तरी त्याचा हिशेबही पाहावा. वीस माणसांच्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो, म्हणून एकोणिसाव्या नोकरानंतरच्या माणसांची नावे भलत्याच फर्ममध्ये दाखविण्याची युक्ती बाजारात सर्वांना ठाऊक आहे. संख्या कमी असली, तरी मालकाला स्वेच्छेने या योजनेत येता येते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. दहा माणसांच्या पेढीला उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, द्यावीच लागते. शेवटचे मासिक वेतन २६,००० रुपये धरले, तर सेवेच्या प्रत्येक वर्षाचे १५,००० आणि पंचवीस वर्षांचे ३,७५,००० रुपये होतात. पाचशे-हजार पोत्यांच्या व्यवहारात ही रक्कम शेठजींना जड नाही. ज्याच्या मुलीचे लग्न किंवा मुलाची फी तिच्यावर अवलंबून आहे, त्याला ती फार मोठी आहे. दरवर्षी तेवढी तरतूद बाजूला काढली, तर शेवटी ओझे वाटत नाही. जमाखर्चाची जाण असलेल्या समाजाला हे समजावून सांगावे लागू नये, परंतु समजावून सांगावे लागते.

सहायकाच्या बाजूनेही काही गोष्टी त्याच्या हातात आहेत. वाणिज्य पदवीधराला जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करता येते. त्यासाठीची परीक्षा अवघड असली, तरी जो दर महिन्याला विवरणे भरतोच आहे, त्याला अनोळखी नाही. ती उत्तीर्ण झालेला माणूस संध्याकाळी चार लहान दुकानदारांची विवरणे स्वतःच्या नावाने भरू शकतो. कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट हे अभ्यासक्रम नोकरी सांभाळून करणारे तरुण आहेत. कित्येकांचे पाच-सात प्रयत्न जातात, घरातल्या रात्री जातात आणि काहींचे पुरे होतही नाहीत. तरी अर्धा अभ्यास झालेला सहायकही पेढीत निराळा ओळखू येतो. तो शेठजींना 'हे चालणार नाही' असे सांगू शकतो. मुनीमजी तेच सांगत असत, आणि म्हणूनच त्यांना मान होता.

'पुरुषाने कोणाच्या हाताखाली डायरी सांभाळावी का?' हा प्रश्न ज्यांना अजून पडतो, त्यांनी महादेवभाई देसाई यांचे स्मरण करावे. १९१७ ते १९४२, म्हणजे मृत्यूपर्यंत, ते गांधीजींचे सचिव होते. पत्रे, भेटी, नोंदी, हिशेब सारे त्यांनी सांभाळले, आणि गांधीजींची आत्मकथा इंग्रजीत नेली तीही त्यांनीच. पद दुय्यम होते, पण त्या कामाला दुय्यम म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

परिचय पुस्तिकेतील त्या रकान्याकडे पुन्हा पाहिले, तर काही पालक आता सावधपणे वेगळे प्रश्न विचारू लागले आहेत. मुलाला नेमणूकपत्र आहे का, निर्वाह निधी कापला जातो का, पुढची कोणती परीक्षा तो देतो आहे? दुकान असलेल्या मुलाला 'दुकानावर कर्ज किती?' असे विचारायला जसा संकोच वाटू नये, तसाच हाही विचारायला वाटू नये.

हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, पण पेढीचे वर्ष दिवाळीच्या वहीपूजनालाच बदलते. त्या संध्याकाळी वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, सर्वांच्या हाती मिठाईचा डबा आणि बोनसचे पाकीट पडते. त्या पाकिटात पदाचे नाव, कामाची व्याख्या आणि वेतन लिहिलेला एक कागद घालणाऱ्या पेढ्या हळूहळू दिसू लागल्या आहेत. अद्याप त्या थोड्याच आहेत.