आधी रेघ, मग अक्षर

पहिल्या संध्याकाळी आम्ही एकही अक्षर लिहिलं नाही. कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत नुसत्या आडव्या रेघा ओढल्या. शाळेत आपण आधी अक्षर काढतो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडी लिपीत उलटं असतं. आधी रेघ, आणि मग एकेक अक्षर तिच्याखाली टांगत जायचं, शक्यतो हात न उचलता. चाळीस-पन्नास वर्षं देवनागरी लिहिलेल्या हाताला हे पटायला दोन दिवस गेले.

नागपूरच्या सदरमध्ये, रेसिडेन्सी रोडपासून थोडं आत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हा वर्ग भरायचा. दहा संध्याकाळी, रोज दीड तास. मे महिना होता. कूलर लावला की त्याच्या ओल्या हवेने कागद सादळायचा आणि शाई पसरायची. बंद केला की मनगटाचा घाम कागदावर उतरायचा. शेवटी कूलर दाराकडे वळवला आणि आम्ही नऊ जण भिंतीकडे सरकलो.

बोरू आधी छाटून घ्यावा लागतो. सरांनी एक हिरवट-पिवळी काडी घेतली, चाकूने टोक तिरपं उतरवलं, मधोमध बारीक चीर दिली आणि टोक पुन्हा एकदा आडवं कापलं. चीर जास्त गेली तर शाई एकदम सुटते, कमी गेली तर उतरतच नाही. माझे पहिले दोन बोरू वाया गेले. तिसऱ्याने काढलेली रेघ आडवी जाताना बारीक आणि खाली येताना जाड आली. ही जाड-बारीक मी आजवर फक्त जुन्या कागदांच्या छायाचित्रांत पाहिली होती. आता ती माझ्या हातून उतरत होती.

मग अक्षरं आली. कान्याची रेघ खाली येऊन थांबत नाही. ती खालून वळून वर चढते आणि पुढच्या अक्षराला हात देते. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. लिहिणाऱ्याला जितकं सोपं, तितकं वाचणाऱ्याला अवघड. लिहिण्याचा वेग हाच या लिपीचा सगळा हेतू. ती हेमाडपंताने रुळवली असं परंपरा सांगते. ते कसंही असो, शतकानुशतकं मराठी मुलखाचे हिशेब, करार, पत्रं, निवाडे या घाईच्या अक्षरात उतरले. छपाईच्या सोयीसाठी देवनागरी पुढे आली आणि १९५० च्या दशकात मोडी शाळांतून गेली. दोन पिढ्यांत आपण आपल्याच आजोबांच्या अक्षराला पारखे झालो. मला याचं फार वाईट वाटतं.

वर्गात बहुतेक जण काहीतरी घेऊन आले होते. उमरेडकडच्या एका तरुणाच्या मोबाइलवर कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या, पानाचा फोटो होता. जातपडताळणीला अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा वजनदार ठरतो. त्या आधीच्या नोंदी अनेकदा मोडीत असतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा मोडी वाचणारी माणसं किती कमी उरली आहेत हे साऱ्या महाराष्ट्राला कळलं. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे छोटे वर्ग घेतं, हौशी अभ्यासकही घेतात. पण दफ्तरखान्यांत रुमालांत बांधलेले कागद आणि घरोघरच्या पेट्यांतले कागद बघितले की हे वर्ग अपुरेच वाटतात.

सहाव्या दिवशी सरांनी एका जुन्या कागदाची झेरॉक्स वाटली. नऊ ओळी. पाऊण तासात आम्ही अडीच ओळी वाचल्या. एकाने अक्षर सांगायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं. आमच्यातल्या मराठी शिकवणाऱ्या बाईंनी दोन अक्षरं जोडून 'मौजे' म्हटलं आणि पुढचे दोन शब्द आपोआप सुटले, कारण मौजेनंतर गावाचं नाव येणार हे सगळ्यांना ठाऊक. मोडी वाचताना डोळ्यांइतकाच अंदाज लागतो, आणि अंदाजाला जुना व्यवहार माहीत असावा लागतो. म्हणून सरांचा निम्मा वेळ लिपीबाहेरच्या गोष्टींत जायचा. कित्ता, मुक्काम, राजश्री हे शब्द कसे आखडून लिहितात, आण्यांसाठी उभ्या-आडव्या रेघा कशा मारतात, 'छ' आला की पुढे चांद्रमासाची तारीख कशी येते. शुहूर सनाचे आकडे तर शब्दांत असतात. खमस म्हणजे पाच, अशर म्हणजे दहा, मया म्हणजे शंभर.

आमच्या कागदावर फसली सन होता, १२६३. "इसवी सनासाठी पाचशे नव्वद मिळवा," सर म्हणाले. उमरेडचा तरुण लगेच बोलला, "अठराशे त्रेपन्न, सर." खोली गप्प झाली. ११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी भोसले गेले आणि १८५४ च्या मार्चमध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. आम्ही बसलो होतो त्याच्या जवळच्या रस्त्याला इंग्रज रेसिडेंटच्या वस्तीवरूनच नाव पडलेलं. महालातल्या राजाचा कारभार संपला त्या वर्षी कुणी कारकून मात्र नेहमीसारखी रेघ ओढून सारावसुलीचा हिशेब मांडत होता. राज्य जातंय याचा त्या ओळींत मागमूसही नाही. इतिहासाच्या पुस्तकाने जे मला कधी जाणवून दिलं नव्हतं, ते या कागदाने दिलं.

दहा संध्याकाळींत कुणी मोडीचा जाणकार होत नाही, आणि सरांनी तसा शब्दही दिला नव्हता. पण पन्नाशीत, दिवसभराची नोकरी आटोपून, एका ओळीवर पाऊण तास बसायची सवय लागते. ती मला दुसरीकडे कुठे लागली असती असं वाटत नाही. प्रौढांसाठीच्या अशा छोट्या वर्गांना आपल्याकडे फावल्या वेळचा छंद समजतात. त्या खोलीत मी छंद पाहिला नाही. आमच्यातले निवृत्त तलाठीबुवा चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी धरायचे. "नोकरीभर हे बस्ते सांभाळले, वाचता नाही आले," एवढंच ते एकदा म्हणाले.

माझ्याकडे आजोबांच्या पेटीतला एक कागद आहे. घरात सगळे त्याला जमिनीचा कागद म्हणत. वर्ग संपल्यावर तीन रविवार बसून मी तो वाचला. जमीन नाहीच त्यात. ज्वारीच्या बिजवाईची याद आहे: कोणाला किती कुडव, किती पायली दिली, कोणाची परत आली. काही आकड्यांपुढे वाळूचे बारीक कण अजून चिकटलेले आहेत, शाई वाळायला टाकलेले. सहा नावं लागली. सातवं लागत नाही. पहिलं अक्षर 'भ' असेल किंवा 'म', नाव बाईचं आहे एवढं नक्की, आणि तिच्यापुढे परतीचा आकडा नाही. सरांची पुढची तुकडी दिवाळीनंतर बसणार आहे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आहे.