गोरोबा : नाव कुठून आले?

कळंब परिसरात जुन्या पिढीत भेटणारे, आता बारशाला क्वचितच कानावर पडणारे नाव.

• कोणावरून : संत गोरा कुंभार. गाव तेर, कळंबला लागून असलेल्या धाराशिव तालुक्यात. तेर म्हणजे प्राचीन बंदरी व्यापारातले ‘तगर’.

• काळ : परंपरेनुसार जन्म १२६७, समाधी चैत्र वद्य त्रयोदशी, शके १२३९ (इ.स. १३१७). समकालीन संतांत वयाने वडील, म्हणून ‘गोरोबाकाका’.

• घडण : गोरा + बा. विठोबा, तुकोबा, ज्ञानोबा यांच्याच पंगतीतले. ‘बा’ आदराचा.

• अर्थ : सहज कानाला गोरा रंग वाटतो. आख्यायिका मात्र वेगळी: आई-वडिलांची आधीची मुले दगावलेली; पांडुरंगाने हे मूल ‘गोरी’तून, म्हणजे पुरलेल्या खड्ड्यातून, जिवंत वर काढले, म्हणून गोरा.

• जवळची नावे : मूल जगावे म्हणून मुद्दाम ठेवलेली धोंडू, दगडू, केरबा. इथे दृष्ट टाळणे हा हेतू. गोरोबात पुनर्जन्माची कथा.

• दूरचा भाऊबंद : फ्रेंच ‘रने’, स्त्रीलिंगीही उच्चार तोच. लॅटिन ‘रेनातुस’वरून, अर्थ ‘पुन्हा जन्मलेला’. तत्त्वज्ञ देकार्त यांचे पहिले नाव हेच.