शिक्षक वर्गाबाहेर गेल्यावर...

शिक्षक वर्गाबाहेर गेले की तुमच्या वर्गात काय होते? कुर्त लेविन या मानसशास्त्रज्ञाने असाच प्रश्न प्रयोगाने तपासला. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये ते जर्मनी सोडून अमेरिकेत गेले होते. आयोवा विद्यापीठात लिपिट व व्हाइट या सहकाऱ्यांसह त्यांनी दहाएक वर्षांच्या मुलग्यांची, पाच-पाच जणांची मंडळे केली. मुखवटे बनविण्यासारखी कामे त्यांना दिली.

मंडळप्रमुखांच्या तऱ्हा तीन. एक नुसते हुकूम सोडी; दुसरा मुलांशी चर्चा करून काम ठरवी; तिसरा त्यांना वाऱ्यावर सोडी. निष्कर्ष १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रमुख समोर असताना हुकमाखाली दबलेली मुले ७४ टक्के वेळ कामात गुंतलेली असत. चर्चेने चालणारी ५० टक्के. मग हुकूमच बरा? थांबा! प्रमुख खोलीबाहेर जाताच पहिला आकडा २९ वर घसरला. दुसरा ४६ वर टिकला. वाऱ्यावर सोडलेल्यांचे काम मुळातच कमी होते.

हुकमाचे काम प्रमुखाचे. मिळून ठरविलेले काम आपले. तुम्ही वर्गप्रमुख असाल, तर सहलीची कामे वाटताना हे आजमावून पाहा. आणि निकाल पाहायचा तो तुम्ही तेथे नसताना!