हातातला दोरा आणि हिशेबाची वही

चातुर्मासातील दुपार. प्रवचनाहून परतल्यावर घरातील कामे आटोपलेली असतात आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाच्या तयारीला अजून अवकाश असतो. सोलापुरातील एका कापडव्यापारी जैन कुटुंबात याच वेळी धाकट्या सूनबाईंनी सासूबाईंसमोर बसून प्रथमच क्रोशाची सुई हाती धरली. निमित्त घरचेच होते. नणंद पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती, आणि बाळंतविड्यातील टोपडे, झबले व पायमोजे आपल्या हातचे असावेत अशी सूनबाईंची इच्छा होती. कुटुंबाचे दुकान लहान मुलांच्या कपड्यांचे. असे संच तेथे रोज विकले जात. परंतु ते विणतात कसे, हे विकणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

पहिला प्रश्न सुईचा नव्हे, दोऱ्याचा निघाला. बाजारात रेशमी दोरा मोहक दिसतो. पण सर्वसाधारण रेशीम कोशातील जीवासह कोश उकळून किंवा वाफवून काढले जाते, म्हणून अनेक जैन घरांत ते वर्ज्य मानतात. मेंढीची लोकरही सासूबाईंना नको होती. राहिले सूत आणि कृत्रिम धागा. बाळाच्या कोवळ्या त्वचेला मऊ आणि घाम टिपणारे सूतच योग्य, असे ठरले. जुन्या काळी क्रोशाच्या सुया हाडाच्या व हस्तिदंताच्याही असत. आज ॲल्युमिनियम, पोलाद किंवा बांबूच्या सुया सहज मिळतात. अहिंसेचा विचार केवळ ताटापुरता नाही, तो हातातील साधनापर्यंत पोहोचतो, हा पहिला धडा एकही टाका न घालता मिळाला.

नवशिक्याने जाड, फिक्या रंगाचा दोरा आणि चार ते पाच मिलिमीटर जाडीची सुई घ्यावी. गडद रंगात टाके दिसत नाहीत, आणि अगदी बारीक दोऱ्यावर हात बसलेला नसताना डोळ्यांना शीण येतो. सरकगाठ बांधून सुईवर घ्यायची, दोरा सुईच्या आकड्यात अडकवून त्या फासातून ओढायचा, की पहिली साखळी तयार होते. साखळीवर मुका खांब, मग एक वेढा घेऊन खांब. बहुतेक सारे नक्षीकाम या तीन टाक्यांच्या मेळातून उभे राहते. सांगायला हे इतके सोपे आहे. प्रत्यक्षात पहिले आठ दिवस सूनबाईंच्या साखळ्या कधी दगडासारख्या घट्ट, तर कधी जाळ्यासारख्या सैल येत राहिल्या. सारी कला उजव्या हातातील सुईत आहे असे नवशिक्याला वाटते. वस्तुतः ती डाव्या हाताच्या तर्जनीवरून सरकणाऱ्या दोऱ्याच्या ताणात असते. दोरा आवळून धरला तर सुई आत शिरत नाही, अगदी सोडून दिला तर टाका आकार धरत नाही.

दुसरी अडचण मोजणीची आली. वीस खांबांनी सुरू केलेली पट्टी दहाव्या ओळीला सोळा खांबांची झाली होती. ओळीच्या शेवटचा टाका निसटत होता. ओळीच्या आरंभी घातलेल्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब. परतताना त्यांच्या माथ्यावर टाका घालायचा राहिला, की कड आत सरकते. सासूबाई एवढेच म्हणाल्या, “दुकानातली रोकड रोज रात्री मोजता ना? तशीच ओळ संपली की मोजायची.”

टोपडे गोलात विणतात. पहिल्या वेढ्यात बारा खांब, दुसऱ्यात चोवीस, तिसऱ्यात छत्तीस, अशी प्रत्येक वेढ्यात बारांची वाढ ठेवली तर वर्तुळ सपाट राहते. वाढ थांबवली की ते वाटीसारखे खाली वळते, आणि तेथूनच टोपडे आकार घेऊ लागते. वाढ प्रमाणाबाहेर झाली, तर कडेला झालर उठते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ दाइना ताइमिन्या यांनी 1997 साली याच झालरीचा उपयोग करून अतिवलयी पृष्ठभाग क्रोशाने विणले आणि वहीवर दाखवण्यास अवघड असलेली भूमिती विद्यार्थ्यांच्या हातात दिली. सूनबाईंची झालर मात्र निव्वळ चुकीची होती, आणि ती उसवावी लागली.

उसवणे ही या विद्येतील सर्वांत कठीण पायरी. चार वेढ्यांपूर्वीची चूक दिसूनही पुढे विणत राहण्याचा मोह होतो. पुढच्या टाक्यांत ती झाकून जाईल, असे मन सांगते. ती झाकत नाही; प्रत्येक वेढ्यागणिक अधिक उठून दिसते. क्रोशात सुईवर बहुधा एकच फास जिवंत असतो. तो सोडून दोरा ओढला, की विणकाम ओळीने मागे जाते आणि चुकीच्या जागी येऊन थांबता येते. दोऱ्याची हानी होत नाही, केवळ वेळ जातो. प्रतिक्रमण या शब्दाचा अर्थच मागे फिरणे असा आहे. जेथे पाऊल चुकले, तेथपर्यंत परतायचे, दोष ओळखायचा आणि तेथून नव्याने निघायचे. रोज संध्याकाळी मुखाने म्हटलेले सूनबाईंच्या बोटांना कळले ते असे.

टोपडे पूर्ण झाले, तेव्हा त्यांनी जवळच्या वहीत नोंद केली: साडेअकरा तास. ही नोंद त्यांना स्वस्थ बसू देईना. दुकानात येणारे संच शहरातील काही बायका घरी विणून आणून देत. त्यांना दिला जाणारा दर सूनबाईंना तोंडपाठ होता. कित्येकदा त्यांनी स्वतःच घासाघीस करून तो खाली आणला होता. पण नवशिक्याचा वेळ धरून दर ठरवणे न्यायाचे नव्हे, हेही त्या जाणत होत्या. म्हणून त्यांनी सासूबाईंना तसेच टोपडे घड्याळ लावून विणायला सांगितले. सरावलेल्या हाताला चार तास लागले. दोऱ्याची किंमत वजा करून उरलेल्या दराला चाराने भागले, तेव्हा आलेला आकडा दुकानात गठ्ठे उचलणाऱ्या मजुराच्या तासाच्या मजुरीहून कमी होता.

त्यांनी वही सासऱ्यांपुढे ठेवली. “मामंजी, हा भागाकार एकदा बघता का?”

त्यांनी पाहिला. “त्या फावल्या वेळात विणतात, सूनबाई. आणि दर वाढवला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल.” दोन्ही वाक्ये व्यापारी जगात नेहमी ऐकू येणारी आहेत, आणि दुसरे खोटेही नाही.

पहिल्या वाक्याचा इतिहास मात्र मोठा आहे. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली, आणि पुढे ती परदेशी बाजारांत जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथील विणणाऱ्या स्त्रियांवर 1982 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या स्त्रिया घरी बसून फावल्या वेळात काम करणाऱ्या गृहिणी समजल्या जात, म्हणून त्यांचे श्रम श्रम म्हणून मोजलेच जात नव्हते, असे त्यांनी दाखवले. आयर्लंडमध्ये 1845 नंतरच्या भीषण दुष्काळात क्रोशाच्या लेसवर अनेक कुटुंबांनी गुजराण केली. जेथे या कामावर चूल पेटते, तेथे त्याला फावला वेळ म्हणता येत नाही.

जैन गृहस्थाला हा विचार नवा नसावा. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाच्या पस्तीस गुणांमध्ये पहिले स्थान न्यायाने मिळवलेल्या संपत्तीला दिले आहे. पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही श्रावकाच्या लक्षणांचा आरंभ न्यायाने धन मिळवण्यापासूनच होतो. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील एक म्हणजे मापात कमीजास्त करणे, आणि दुसरा प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्या मालाच्या जागी नकली माल खपवणे. क्रोशाच्या बाबतीत हा दुसरा अतिचार अगदी जवळचा आहे. खरा क्रोशा यंत्रावर विणता येत नाही. यंत्रावर होते ती त्याच्यासारखी दिसणारी जाळी. दोन्ही माल एकाच फळीवर ठेवून एकाच नावाने विकला, तर गिऱ्हाईक फसते आणि हाताने विणणारीचा दरही पडतो.

मामंजींनी त्या रात्री काही सांगितले नाही. चार दिवसांनी त्यांनी स्वतः दुकानात दोन फळ्या वेगळ्या करवल्या. एकीवर यंत्राचा माल त्याच्याच नावाने, दुसरीवर हातचा माल, त्याला लागलेल्या तासांच्या चिठ्ठीसह. विणणाऱ्या बायकांचा दर वाढला. दुकानाचा नफा थोडा कमी झाला आणि विक्रीची किंमत थोडी चढली. आरंभी हातच्या मालाची विक्री घटली, हे लपवण्याचे कारण नाही. काही गिऱ्हाइके दुसरीकडे गेलीही. काही मात्र चिठ्ठी वाचून थांबली आणि पूर्वीइतकी घासाघीस न करता संच घेऊन गेली. ही व्यवस्था टिकेल का, हे दिवाळीनंतर खतावणी मांडल्यावर ठरेल, असे मामंजी म्हणतात; मात्र जुन्या दरावर परत जाण्याची गोष्ट ते काढत नाहीत.

बाळंतविडा वेळेवर पूर्ण झाला. टोपड्याच्या कडेला एके ठिकाणी दोन खांब एकाच टाक्यात गेले आहेत. ते सूनबाईंना ठाऊक आहे, सासूबाईंनाही दिसले आहे. बाळाची त्याबद्दल तक्रार नाही.

ज्या घरांत कापडाचा, सुताचा किंवा तयार कपड्यांचा व्यापार आहे, तेथे येत्या सुटीत मुलामुलींच्या हाती एक सुई आणि सुताचा एक गुंडा द्यायला हरकत नाही. महिनाभरात एखादा साधा रुमाल होईल, कदाचित होणारही नाही. पण एक चौकोन विणायला किती वेळ लागतो, हे ज्याच्या बोटांना कळले आहे, तो पुढे गादीवर बसून दुसऱ्याच्या श्रमाचा भाव ठरवताना एकदा तरी थांबेल.