धान्य आहे, ट्रक आहेत. गाडी अडते परवान्यापाशी

अल-फाशर पडल्याची बातमी आपण वाचली. 26 ऑक्टोबर 2025 रोजी सुदानच्या लष्कराशी लढणाऱ्या आरएसएफ या निमलष्करी दलाने दारफुरमधलं हे शहर घेतलं, आणि तिथल्या हत्याकांडाच्या खुणा उपग्रहांच्या छायाचित्रांतूनही दिसल्या. त्यानंतर आठवड्याभराने आलेली दुसरी बातमी तेवढी वाचली गेली नसावी. 3 नोव्हेंबरला भूक मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने अल-फाशर आणि दक्षिण कोर्दोफानमधल्या कादुग्लीत दुर्भिक्ष असल्याचं जाहीर केलं. आणखी 20 ठिकाणं त्याच वाटेवर आहेत, असंही बजावलं.

अल-फाशरच्या उपासमारीला वेढा कारण होता. मे 2024 पासून शहर कोंडलेलं होतं. ऑगस्ट 2025 मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने सांगितलं की, वर्षाहून अधिक काळ रस्त्याने एक पोतंही आत नेता आलेलं नाही आणि ज्वारी-गव्हाचे भाव उरलेल्या सुदानपेक्षा 460 टक्क्यांपर्यंत चढले आहेत. हो, ज्वारीच. सोलापूरकडे जिची भाकरी होते तेच धान्य दारफुरच्या मुख्य अन्नांपैकी एक आहे. ती संपली तेव्हा लोकांनी गुरांना घालायची शेंगदाण्याची पेंड खाल्ली.

दारफुरला मदत पोचवण्याचे मुख्य मार्ग दोन. एक तांबड्या समुद्रावरच्या पोर्ट सुदानहून, युद्धाच्या आघाड्या ओलांडत 1,800 किलोमीटरहून लांब. दुसरा चाडमधल्या आद्रे गावातून. कॅमेरूनच्या दुआला बंदरात उतरलेला माल चाड ओलांडून आद्रेला येतो आणि तिथून पश्चिम दारफुरचं जेनीना जेमतेम तीस किलोमीटरवर आहे. नकाशावर बोट ठेवलं तर कुठला रस्ता वापरावा, हे शाळकरी पोरही सांगेल.

पण फेब्रुवारी 2024 मध्ये सुदानच्या लष्करी सरकारने आद्रेची वाट बंद केली. या वाटेने आरएसएफला शस्त्रं मिळतात, हे सरकारचं कारण. ती तक्रार निराधार म्हणता येणार नाही. पण आद्रेच्या पलीकडचा सुदानी प्रदेश तेव्हा आरएसएफच्या ताब्यात होता, सरकारचा तिथे एक शिपाईही उभा नव्हता. म्हणजे शस्त्रं थांबवायची ताकद सरकारकडे नव्हती आणि धान्य थांबवायची होती. कारण संयुक्त राष्ट्रं मान्यताप्राप्त सरकारच्या संमतीविना सीमा ओलांडायला तयार नव्हती. सही चालली ती फक्त पोत्यांवर.

1 ऑगस्ट 2024 रोजी अल-फाशरजवळच्या झमझम छावणीत दुर्भिक्ष जाहीर झालं आणि दोन आठवड्यांनी आद्रे उघडलं, तेही तीन महिन्यांच्या बोलीवर. वेळ कोणती, तर ऐन पावसाळा. दारफुरमधले कोरडे ओढे या दिवसांत दुथडी वाहतात, रस्ते चिखलात जातात. फेब्रुवारी ते जून या कोरड्या महिन्यांत गोदामं भरून ठेवता आली असती. ते महिने वाया गेल्यावर ट्रक निघाले आणि गाळात रुतले. झमझममध्ये पहिला ताफा पोचायला नोव्हेंबर उजाडला.

मदतीच्या वाहतुकीत मुदतीचा परवाना हा नकाराइतकाच घातक असतो, असं माझं ठाम मत आहे. जहाज ठरवणं, धान्य खरेदी, ट्रकमालकांशी करार, पुढच्या गोदामाची तयारी या सगळ्याला कित्येक महिने लागतात. तीन महिन्यांनी वाट उघडी असेल की नाही हे ठाऊक नसताना कोण कशाच्या भरवशावर माल भरणार?

आणि ट्रक चालवणाऱ्यांचं काय? 'संयुक्त राष्ट्रांचा ताफा' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे निळं शिरस्त्राण येतं. स्टिअरिंगवर बहुतेकदा कंत्राटावरचा सुदानी चालक असतो. 2 जून 2025 च्या रात्री उत्तर दारफुरमधल्या अल-कोमा इथे 15 ट्रकांच्या ताफ्यावर हल्ला झाला. पोर्ट सुदानहून 1,800 किलोमीटर कापून हे लोक अल-फाशरपासून सुमारे 80 किलोमीटरवर येऊन थांबले होते, पुढे जायच्या परवानगीची वाट पाहत. मार्ग आधीच कळवलेला होता, ट्रक कुठे उभे आहेत हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. पाच जण मेले, पाचही सुदानी कंत्राटी माणसं. धान्य जळालं. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं. ऑगस्टमध्ये मेल्लितजवळ आणखी एका ताफ्यावर ड्रोन पडला. ठावठिकाणा कळवण्याची ही पद्धत चालकांच्या संरक्षणासाठी आहे. ती मोडणाऱ्याला काहीच शिक्षा होत नसेल, तर चालकाने कशाच्या जोरावर पुढची खेप घ्यायची?

सुदानला हे नवं नाही. 1989 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी खार्टुम सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर या दोघांशी बोलून 'ऑपरेशन लाइफलाइन सुदान' सुरू केलं. तेव्हाही विमान कुठे उतरेल हे खार्टुमच्या होकारावर ठरे. 1998 मध्ये बहर अल-गझलमध्ये लोक भुकेने मरत असताना त्याच सरकारने उड्डाणं रोखली होती. या वेळीही सुरक्षा परिषदेने अल-फाशरचा वेढा उठवण्याची मागणी करणारा ठराव 13 जून 2024 रोजी केला. शहर पडेपर्यंत वेढा तसाच होता.

या काळात अन्न शिजलं ते मोहल्ल्यातल्या स्वयंपाकघरांत. 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स' नावाने काम करणाऱ्या स्थानिक तरुणांनी मोबाइलवर आलेल्या पैशांतून, मिळेल ते धान्य घेऊन पंगती चालवल्या. त्यांना 2025 चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पण बाजारात धान्यच आलं नाही तर पैसा शिजवून खाता येत नाही.

भारत इथे काही करू शकतो. 2023 च्या एप्रिल-मेमध्ये 'ऑपरेशन कावेरी'त आपण 3,800 हून अधिक भारतीयांना सुदानमधून बाहेर काढलं. नौदलाची जहाजं पोर्ट सुदानला लागू शकली, कारण तिथल्या यंत्रणेने सहकार्य केलं. सुदान सरकारशी दिल्लीचा संवाद आहे. आरएसएफला रसद पुरवल्याचा आरोप ज्यांच्यावर होतो आणि जे तो नाकारतात, त्या संयुक्त अरब अमिरातीशीही आपले संबंध घनिष्ठ आहेत. दोन्हीकडे शब्द टाकू शकतील असे देश फार नाहीत. आद्रेची वाट मुदतीशिवाय उघडी ठेवा आणि ताफ्यांवर हात उचलणाऱ्यांना पाठीशी घालू नका, हे भारताने जाहीरपणे आणि दोघांनाही सांगितलं पाहिजे. आपल्या खासदारांनी संसदेत हा प्रश्न विचारावा, ही माझी विनंती आहे.