साखळी, झडपा आणि लसावि

ट्रक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे घाट चढणारी मालवाहू गाडी येते. अमेरिकेत मात्र मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाही ट्रकच म्हणतात. तेथे मजुरी महाग असल्यामुळे अनेक मालक इंजिनाची मोठी कामेही घरीच करतात. त्यांतले एक जोखमीचे काम म्हणजे टायमिंगची साखळी बदलणे. उदाहरण म्हणून फोर्ड एफ-१५० या ट्रकमध्ये २००४ ते २०१० या काळात बसवले गेलेले ५.४ लिटरचे पेट्रोल इंजिन घेऊ. त्यात आठ सिलिंडर आहेत, प्रत्येकाला तीन झडपा आहेत आणि चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगांसाठी दोन स्वतंत्र साखळ्या आहेत.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या चार धावांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, पण प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते. म्हणून झडपा उघडणारा कॅमशाफ्ट निम्म्या वेगाने फिरावा लागतो, आणि त्याच्या चक्राला क्रँकच्या चक्राच्या दुप्पट दाते असतात. क्रँक मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते. या इंजिनात उघडी झडप आणि वर आलेला दट्ट्या यांना पुरेल एवढी जागाच नाही. टक्कर टळते ती केवळ वेळापत्रकामुळे. समजा, क्रँकला २० आणि कॅमला ४० दाते आहेत. साखळी एक दाता सरकली तर कॅम ९ अंशांनी, म्हणजे क्रँकच्या मापाने १८ अंशांनी चुकतो. एवढ्याने इंजिन नुसते रखडत चालेल. आणखी काही दाते सरकले तर झडपा वाकतील.

‘साखळी ताणली गेली’ असे गॅरेजमध्ये म्हणतात. पण पोलादाच्या पट्ट्या रबरासारख्या लांबत नाहीत. झिजतात त्या पिना आणि पिनांची भोके. हे वर्गात पाहता येते. सायकलच्या नव्या साखळीत लगतच्या दोन पिनांमधले अंतर १२.७ मिमी असते. अशी २४ अंतरे मिळून ३०४.८ मिमी होतात. एखाद्या विद्यार्थ्याच्या जुन्या सायकलची साखळी ताणून धरा आणि पट्टीने मोजा. ३०६.३ मिमी भरली, तर वाढ दीड मिलिमीटर आहे. प्रत्येक सांध्याच्या वाट्याला साधारण ०.०६ मिमी, म्हणजे केसाच्या जाडीइतकी झीज आली!

इंजिनात हा ढिलेपणा टेन्शनर सावरतो. वंगणतेलाच्या दाबाने त्याचा लहानसा दट्ट्या बाहेर येतो आणि प्लॅस्टिकचे अस्तर असलेली पट्टी साखळीवर दाबून धरतो. या इंजिनाचे खरे दुखणे येथेच आहे. टेन्शनरचे सील फुटले की तेल गळते, दाब उतरतो, साखळी फटके मारू लागते आणि पट्ट्यांचे तुकडे पडतात. हे तुकडे तळाशी जाऊन तेलपंपाच्या जाळीत अडकतात. थंड इंजिन सुरू करताना होणारा खडखडाट ही त्याची पूर्वसूचना असते. म्हणूनच नुसती साखळी बदलणे आम्हांला व्यर्थ वाटते. टेन्शनर आणि पट्ट्याही त्याच वेळी बदलाव्यात, जाळी साफ करावी.

बॅटरी सोडणे, पाणी व तेल काढणे, पंखा, पुली, झाकणे उतरवणे ही कामे वेळखाऊ, पण सरळ आहेत. सावध राहायचे ते साखळी सोडताना. काही झडपा त्या वेळी स्प्रिंगांविरुद्ध दाबलेल्या असतात. साखळीची पकड सुटताच कॅम आपोआप झटक्याने फिरू शकतो. म्हणून क्रँक आधी पुस्तिकेत सांगितलेल्या जागी आणतात. क्रँकच्या पुलीचा बोल्टही नवाच घ्यावा लागतो, कारण तो ठरावीक बलाने आवळून पुढे ठरावीक अंश फिरवतात. पान्याचे बरेचसे बल घर्षणातच खर्ची पडते. अंश मोजल्याने बोल्ट किती ताणला गेला ते अधिक नेमके कळते.

जुळवणीसाठी साखळीच्या काही कड्या तांबूस रंगाच्या असतात. त्या चक्रांवरील खुणांशी जुळवून साखळी बसवतात. मग पान्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे हळूहळू फिरवतात. मध्येच अडले तर जोर लावायचा नाही; झडप दट्ट्याला टेकलेली असू शकते. दोन फेऱ्यांनंतर चक्रांवरच्या खुणा मूळ जागी येतात, पण तांबूस कड्या भलतीकडेच! नवशिका येथे घाबरतो आणि सगळे पुन्हा उघडतो. वास्तविक हे लसाविचे गणित आहे. साखळीला १२६ कड्या असतील, तर १२६ आणि ४० यांचा लसावि २,५२० येतो. म्हणजे कॅमचे ६३ आणि क्रँकचे १२६ फेरे झाल्यावरच त्या कड्या पुन्हा खुणांवर येतील. कड्या १२० असत्या तर कॅमचे तीनच फेरे पुरले असते. पण मग कॅमच्या प्रत्येक दात्याच्या वाट्याला त्याच त्या तीन कड्या आल्या असत्या. १२६ कड्यांमुळे ६३ वेगवेगळ्या कड्या येतात आणि झीज वाटली जाते.